बंदरावर बावटा लागला… आता घरात काय?

मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले की समुद्रकाठच्या गावांना जरा निवांतपणा येतो. भात कापून झालेले असते, खळ्यावर झोडणी चाललेली असते, एखाद्या हौशी कलमाला मोहोरही दिसू लागतो. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत असतात. समुद्र तर असा गरीब, की हाच का तो आषाढातला, असा प्रश्न पडावा. अशा दिवसांत बातम्यांत ‘अरबी समुद्रात वादळाची शक्यता’ असे शब्द कानावर पडले, तर आपल्यापैकी पुष्कळजणी काय म्हणतील? “आता कसलं मेलं वादळ? वादळं पावसाळ्यात!” असं म्हणून कुकरची शिट्टी मोजायला लागतील.

पण भगिनींनो, खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. आषाढ-श्रावणात वारा घोंघावतो, दर्या खवळतो, पण ज्याला चक्रीवादळ म्हणतात ते त्या दिवसांत आपल्या बाजूला सहसा होत नाही. पावसाळ्यात आकाशाच्या खालच्या आणि वरच्या थरांतले वारे एकमेकांच्या उलट दिशांनी इतक्या जोरात वाहतात, की वादळाचा भोवरा उभाच राहू शकत नाही. तो उभा राहतो पावसाळ्याच्या अगोदर, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि पावसाळा उलटल्यावर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. समुद्राचं पाणी तेव्हा अजून कोमट असतं, आणि वादळाचं जेवण म्हणजे हे कोमट पाणीच. दिवाळीचा फराळ संपतो आणि आपण स्वेटर बाहेर काढतो, ते दिवस वादळाचेही असतात.

मुंबईच्या जुन्या माणसांनी नोव्हेंबर १९४८ चं वादळ पाहिलं होतं. २००९ साली ११ नोव्हेंबरला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबई यांच्या मधे किनाऱ्याला लागलं. कापलेलं भात शेतात भिजलं ते भिजलंच, पण रत्नागिरीकडच्या कितीतरी होड्या बुडाल्या आणि कितीतरी घरचे खलाशी परतले नाहीत. मग २०१७ सालचं ‘ओखी’. ३० नोव्हेंबरला ते कन्याकुमारीजवळ होतं, आणि तिथून अरबी समुद्रात शिरून वर वर सरकत आलं. केरळ-तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते. त्यांतल्या ६८ बोटी, ९५२ माणसांसह, आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. कुठलं केरळ आणि कुठलं देवगड! ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद होत्या. महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या माणसांना भर थंडीत पावसात भिजावं लागलं आणि त्यांची सोय महापालिकेच्या शाळांतून करावी लागली.

केरळात अनेक घरांतली माणसं मात्र परत आलीच नाहीत. आठ-आठ दहा-दहा दिवसांच्या बोलीने समुद्रात गेलेल्या बोटीला इशारा पोचवायचा कसा? मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. इशारा निघाला तेव्हा ती माणसं निघून कित्येक दिवस झाले होते. पुढे २०१९ मध्ये उपग्रहावरून बोटीपर्यंत संदेश पोचवणारं ‘जेमिनी’ नावाचं लहानसं यंत्र आलं. तुमच्या घरची किंवा माहेरची बोट खोल समुद्रात जात असेल, तर हे यंत्र बोटीवर आहे का, आणि ते चालू असतं का, एवढं विचाराच. डिझेल-बर्फाचा हिशेब आपण विचारतोच ना?

बावटा काय सांगतो?

आपल्याकडे वादळाचा इशारा ही काही कालची गोष्ट नाही. १८६४ साली कलकत्त्याला भयंकर वादळ झालं, आणि दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी इशाऱ्याची पद्धत सुरू झाली. पश्चिम किनाऱ्याची पाळी १८८० साली आली, आणि त्या पहिल्या बंदरांत मुंबई-कराचीच्या जोडीला आपली रत्नागिरी आणि वेंगुर्लेही होती. म्हणजे आपल्या पणजीच्याही आधीपासून बंदरावर बावटा लागतो आहे! दिवसा काळ्या आकृत्या आणि रात्री लाल-पांढरे दिवे वर चढवायचे, अशी ती रीत.

हे बावटे एकूण अकरा. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे आपल्याच बंदराला त्याचा त्रास होणार. वर्तमानपत्रात ‘तीन नंबरचा बावटा’ सारखा वाचायला मिळतो तो हा. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. आणि अकरावा? अकरावा बावटा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या समजुतीने वाटतं आहे की संकट जवळ आलं. मला या अकराव्या बावट्याचं फार कौतुक वाटतं. वरून निरोप येत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही, हे त्या जुन्या नियमात लिहूनच ठेवलेलं आहे.

बावटा बंदरावरच्या माणसांसाठी. तुमच्या आमच्या कानावर पडतात ते रंग: यलो, ऑरेंज, रेड. पुष्कळांची समजूत अशी, की यलो म्हणजे थोडा पाऊस, ऑरेंज म्हणजे बराच आणि रेड म्हणजे धो धो. तसं नाही. रंग सांगतो तो आपण काय करायचं ते. यलो म्हणजे बातम्यांकडे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीला लागा. रेड म्हणजे जे करायचं ते आता करा. चक्रीवादळाच्या बाबतीत हवामान खातं साधारण तीन दिवस आधी पहिली चाहूल देतं, दोन दिवस आधी सावधगिरीची सूचना, एक दिवस आधी इशारा, आणि मग बारा तास आधी ते कुठे लागणार, वारा किती, पाणी किती वर चढणार हे सांगतं. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात, आणि मगच त्याचं बारसं होतं. ही नावं २००४ पासून या समुद्रांभोवतीचे देश पाळीपाळीने सुचवतात. ‘निसर्ग’ बांगलादेशाने दिलं, ‘तौक्ते’ म्यानमारने. तौक्ते म्हणजे एक जातीची पाल म्हणे. नावावर जाऊ नका, नाव गोड असलं तरी छप्पर उडायचं ते उडतंच.

आणि हो, ‘गेल्या वेळी एवढं घाबरवलं आणि काहीच झालं नाही’ हे वाक्य ऐकू आलं, तर माझी एक गोष्ट सांगा. जून २०१९ मध्ये ‘वायू’ नावाचं वादळ गुजरातवर येणार म्हणून सुमारे तीन लाख माणसं हलवली. वादळ आलं, किनाऱ्याजवळून वळलं आणि निघून गेलं. माणसं दोन दिवसांनी आपापल्या घरी गेली. यात फसलं काय? उलट उदाहरण ओडिशाचं. तिथे १९९९ च्या ऑक्टोबरात आलेल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ आलं, तेव्हा जवळजवळ दहा लाख माणसं आधीच हलवली होती. घरंदारं, शेतं, झाडं खूप गेली, पण मृत्यूंचा आकडा काही डझनांवर थांबला. मधल्या चौदा वर्षांत समुद्र काही शहाणा झाला नव्हता.

“ह्यांना विचारून सांगते”

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. वादळात बायका जास्त मरतात.

ऐकायला कडू आहे, पण खरं आहे. बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर वादळ आलं आणि समुद्र घरांवरून गेला. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली. त्यांत तरुण, धडधाकट वयाच्या बायकांचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या कितीतरी पट होतं. मागाहून ज्यांनी याचा विचार केला, त्यांना जी कारणं सापडली ती वाचताना आपल्याच घरातलं कोणी बोलतंय असं वाटतं. इशारा दिला गेला तो बाजारात आणि चहाच्या दुकानात, पुरुषांनी पुरुषांना. घरात राहणाऱ्या बाईपर्यंत तो उशिरा आला, किंवा आलाच नाही. आला तेव्हा नवरा घरी नव्हता, आणि त्याला विचारल्याशिवाय घर सोडायचं कसं? मुलं काखेला, म्हातारी सासू खाटेवर. निवाऱ्याच्या जागी परक्या पुरुषांची गर्दी, बायकांसाठी वेगळी सोय नाही. पाण्यात साडी पायांत गुंडाळली गेली.

तिथल्या लोकांनी मग धडा घेतला. गावोगाव वादळाचा निरोप पोचवणारे हजारो स्वयंसेवक तिथे पूर्वीपासूनच होते. आज त्यांत निम्म्या बायका आहेत, आणि त्या थेट घरात शिरून बाईशी बोलतात. निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या. पुढच्या वादळांत तिथले बळी कितीतरी कमी झाले.

तुम्ही म्हणाल, ते तिकडचं, आपल्याकडे असं नाही. बरं, मग एकच विचार करा. तुमच्या गावात इशाऱ्याचा निरोप मोबाईलवर येतो. तो मोबाईल दिवसा कुणाच्या खिशात असतो? यजमान कामावर, मुलगा कॉलेजात, आणि घरातला तिसरा फोन डब्यावर ठेवलेला, रिचार्ज संपलेला. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या किती घरांत असं असेल ते मोजायला नको. आणि समजा निरोप कळला, दवंडीही ऐकू आली, शाळेत चला म्हणून ग्रामपंचायतीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. आपलं पहिलं उत्तर काय? “ह्यांना विचारून सांगते.” दुसरं, “घर असं टाकून कशी येऊ?” तिसरं, “सासूबाई ऐकायच्या नाहीत.” त्यात शाळेत बायकांसाठी संडास आहे का ही धाकधूक, आणि नेमके पाळीचे दिवस असले तर आणखीनच संकोच.

यांतला एकही प्रश्न खोटा नाही. पण रेड अलर्टच्या दुपारी तो सोडवत बसायला वेळ नसतो. तो आज सोडवायचा, आभाळ निरभ्र असताना, जेवणं झाल्यावर सगळे बसलेले असताना. घरात एकदा बोलून ठरवून टाका: ऑरेंज म्हटलं की आजी आणि लहान मुलं आत्याच्या पक्क्या घरी. रेड म्हटलं किंवा गावात दवंडी आली, की दाराला कुलूप. त्या वेळी जी घरात असेल तिने ठरवायचं, कुणाला फोन लावत बसायचं नाही. फोन लागला तर सांगायचं, “आम्ही निघालो,” विचारायचं नाही. हे यजमानांच्या तोंडून सर्वांसमोर, विशेषतः सासूबाईंसमोर, एकदा वदवून घ्या. पुरुष माणसं अशा वेळी नाही म्हणत नाहीत हो, त्यांना कुणी आधी विचारलेलंच नसतं.

शाळेत जायची पिशवीही आपली वेगळी हवी. जुन्या साड्यांचे स्वच्छ कपडे किंवा नॅपकिन, आतले कपडे, एक सलवार-कमीज. साडी नेसणाऱ्या बाईनेही त्या रात्रीपुरती सलवार घालावी, त्यात लाजण्यासारखं काय आहे? तान्हं मूल असेल तर त्याची दुपटी. रात्री बाहेर जायला बॅटरी. आणि शाळेतल्या संडासाची चौकशी चारजणींनी मिळून आताच ग्रामपंचायतीत करा. एकटीने विचारलं तर हसतात, चौघी गेल्या की कुलपाची किल्ली सापडते.

तीन दिवसांची तयारी

रेडिओवर ‘कमी दाबाचं क्षेत्र’ असे शब्द आले की स्वयंपाकघरात शिरा आणि पहिलं काम कोणतं करा, तर दळण टाका. हसू नका. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या हे सगळ्यांनी वाचलं. पण रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तरेकडच्या कितीतरी गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे गिरणी नाही, पंप नाही, मिक्सर नाही, फ्रीज नाही. घरात पोतंभर गहू आणि पीठ मात्र दोन वाट्या, अशी गत. तेव्हा पीठ दळून, चटणी-मसाला वाटून ठेवावा. पोहे, कुरमुरे, शेंगदाणे, गूळ हाताशी असावेत. दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात.

पाणी भरून ठेवायचं ते पिण्याचं वेगळं, झाकणाचं, आणि वापरायचं वेगळं. टाकी भरलेली असली तर दुहेरी फायदा: पाणीही मिळतं आणि प्लॅस्टिकची रिकामी टाकी गच्चीवरून उडत नाही. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेल्यावर दार उघडझाप केली नाही तर दूध-भाजी बराच वेळ तग धरते. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर वीज गेल्यावर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीच्या माठात, पाण्याला न लागेल असं ठेवावं. रक्तदाबाच्या, दम्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आणून ठेवा. औषधाचं दुकान उघडं असलं तरी रस्ता मोकळा असेलच असं नाही.

दिवस भरत आलेली लेक-सून घरात असेल, तर यलो म्हटल्यावरच तिला इस्पितळ असलेल्या गावी हलवा. झाडं पडून रस्ता बंद झाल्यावर रुग्णवाहिका येणार कुठून?

एक दिवस उरला असताना बाहेरची कामं. नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या, वाऱ्यात ते तोफगोळ्यासारखे येतात. कुंड्या, कपड्यांच्या दोऱ्या, सायकल, तुळशीपुढची रांगोळीची पाटी, जे जे उडेल ते आत. पत्र्याचे हूक आणि नट आदल्या दिवशीच आवळून घ्यायला सांगा. वारा सुटल्यावर कुणालाही छपरावर चढू देऊ नका, मग तो मुलगा कितीही बहाद्दर असो. पत्र्यावर सुटे दगड ठेवायची सवय आपल्याकडे फार, पण तेच दगड मग घरात येतात. खिडक्या सगळ्या घट्ट लावायच्या. वारा आत शिरला की छपराला खालून उचलतो. बसायचं ते माजघरात किंवा काचेपासून लांबच्या आतल्या खोलीत. गोठ्यातली दावी सोडून ठेवा. बांधलेलं जनावर ना पळू शकतं ना पोहू शकतं.

कागदपत्रांची एक पिशवी: रेशनकार्ड, आधार, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, बँकेची पुस्तकं, मुलांचे दाखले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गाठ मारून, शिवाय मोबाईलमध्ये फोटो. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा, कारण मोबाईल बंद पडला की आपल्याला स्वतःच्या भावाचाही नंबर सांगता येत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, कुठल्याही संकटाला ११२, आणि समुद्रात कुणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. घरात दोन फोन असतील तर एक पूर्ण भरून बंद करून ठेवा. सेलवर चालणारा रेडिओ माळ्यावर पडलेला असेल तर खाली काढा. व्हॉट्सॲपवर ‘त्सुनामी येतेय’ म्हणून जे फिरतं, त्यापेक्षा आकाशवाणीची बाई बरी.

थंडीतल्या वादळासाठी आणखी एक गोष्ट, जी मे महिन्यातल्या वादळात सुचत नाही: गोधड्या. डिसेंबरात भिजलेल्या अंगावर रात्रभर वारा लागला, तर तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं गारठून जातात. दोन गोधड्या, एक शाल आणि मुलांचे स्वेटर खताच्या धुतलेल्या प्लॅस्टिकच्या गोणीत घालून तोंड बांधून ठेवा. वाळवणाचेही तसेच. वलांडीवरचे बोंबील, चटईवरची सुकट अर्धी ओली असली तरी काढून आत आणा. थोडी वास मारेल, पण वर्षाची कमाई आहे ती.

तिथी विचारा

समुद्राला लागून घर असेल तर वाऱ्याइतकंच विचारायचं ते भरतीचं. यासाठी यंत्र नको, कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पुन्हा पहाटे. अष्टमीला सहा. वद्य पक्षात पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. घटकाभर इकडेतिकडे होतं, पण अंदाज चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर.

आता हेच वादळाला लावून पाहा. ‘ओखी’च्या वेळी ३ डिसेंबर २०१७ ला दत्तजयंती होती, म्हणजे पौर्णिमा. वादळ आपल्या समोरून गेलं ते ऐन उधाणात, आणि वारा फारसा न लागताही कोकणात काही ठिकाणी लाटा नेहमीची रेघ सोडून वर आल्या. ‘निसर्ग’ आलं त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. बारा पाऊण नऊ. सकाळी नऊ-दहाची भरती होऊन गेलेली, आणि वादळ किनाऱ्याला लागलं दुपारी, ओहोटी लागल्यावर. तेच भरतीला आलं असतं तर वाऱ्याच्या जोडीला पाणीही घरात आलं असतं. तेव्हा वादळ कधी लागणार हे ऐकलंत की शेजारी तिथी मांडा. दोन्ही वेळा जुळत असतील आणि घर पुळणीवर किंवा खाडीकाठी असेल, तर वाऱ्याची वाटही पाहू नका, उजेड आहे तोवर निघा.

वारा पडला, तरी…

वादळाच्या मधोमध ‘डोळा’ असतो. (‘ओखी’ या बंगाली नावाचा अर्थही डोळाच.) तो डोळा आपल्या गावावरून जात असेल, तर घोंघावणारा वारा एकदम पडतो, पाऊस थांबतो, कधी ऊनही दिसतं. माणसांना वाटतं, सुटलो. बाहेर येतात, कौलं बघायला चढतात, बायका पत्रा कुठे पडला ते शोधायला परसात जातात. आणि थोड्या वेळाने वारा पुन्हा सुटतो तो उलट्या दिशेने, तितक्याच जोराने. पहिल्या वाऱ्याने खिळखिळी केलेली झाडं आणि भिंती या दुसऱ्या वाऱ्यात पडतात. तेव्हा रेडिओने ‘वादळ पुढे गेलं’ असं सांगेपर्यंत कडी काढायची नाही.

गेल्यावर तारांना हात लावू नका, त्या मेलेल्या दिसल्या तरी. परसात जाताना काठी आपटत जा, बिळांत पाणी शिरलं की साप वर येतात. विहिरीत खाडीचं किंवा घाण पाणी गेलं असेल तर ती उपसून, औषध टाकून घेतल्याशिवाय प्यायचं पाणी नको; तोवर उकळून.

आणि दोन-चार दिवसांनी तलाठी पंचनाम्याला येईल. पडलेलं घर, उडालेले पत्रे, मोडलेली झाडं, फुटलेली होडी हे सगळं पुरुष माणसं सांगतात, आणि ते लिहिलं जातं. सांगायचं राहतं ते तुमचं. भिजून कुजलेली सुकट, शिलाईचं मशीन, वाहून गेलेल्या शेळ्या-कोंबड्या, पापड-मसाल्याचा माल, आणि गटाचं कर्ज काढून घेतलेला फ्रीज. आवराआवर करण्याआधी या प्रत्येक वस्तूचा होता तसा फोटो काढा. वस्तू किती, किती किलो, केव्हा घेतलेली, ते वहीच्या एका पानावर लिहा, आणि पंचनामा चालू असताना चहा करायला आत न जाता तिथेच उभ्या राहा. कशाची भरपाई मिळते आणि कशाची नाही ते सरकारी नियम ठरवतील. पण कागदावर जे आलंच नाही, त्याचा विचारही होणार नाही. सही करण्याआधी पंचनामा वाचून दाखवायला सांगा, तुमच्या वस्तू त्यात आल्या आहेत ना ते ऐका, आणि त्या कागदाचाही एक फोटो काढून घ्या.